डब्यात काय आहे

कुडवा, ७ जुलै

सौ. भूमिकावहिनींस,
रेणूचा सादर नमस्कार.

तुमचा फोन बंद असतो, याची तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही. तो चालू असता तरीही मी पत्रच लिहिले असते. फोनवर माझी वाक्ये अर्ध्यावर अडखळतात आणि समोरचा माणूस ती आपल्या सोयीने पूर्ण करून टाकतो. कागदावर मला मध्येच कोणी तोडत नाही. कामठा काही दूर नाही. दादाने मोटरसायकल काढली तर जेवणाच्या वेळेआधी जाऊन परत येता येईल. पण तुम्ही माहेरी गेल्यापासून त्याने ती कामठ्याची वाट सोडून बाकी सगळीकडे नेली आहे.

त्या दुपारी मी कॉलेजात होते. घरी आले तेव्हा तुमच्या खोलीचे दार उघडे होते आणि खुंटीवर तुमचा औषधे करतानाचा पांढरा कोट नव्हता. मग एकच घटना मी तीन तोंडांनी ऐकली. आई म्हणाली, "नवऱ्यानं सही कर म्हटलं तं केली नाही, आन बॅग भरून चालली गेली. सही करायले काय जात होतं व तिचं?" दादा म्हणाला, "डबा बनवणाऱ्या कंपनीनं इंग्रजीत छापून दिलं आहे, यात गॅस नाही, धोकादायक मालाचे नियम लागत नाहीत. हिला कंपनीपेक्षा जास्त समजते." आणि बाबांनी सुपारी कातरताना तुमचे वाक्य जसेच्या तसे सांगितले: "ते म्हणे, कंपनीनं डब्याचं लिहिलं, माह्या औषधाचं नाही लिहिलं."

वहिनी, हे वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही.

वाचनालयात माझी मैत्रीण टीना हिने विचारले, "इतके भांडण कशावरून झाले?" तिला सांगता सांगता मलाच सगळे नीट समजत गेले. मी म्हटले, भाताच्या रोवणीच्या दिवसांत बाया चिखलात उभ्या असतात, त्यांच्या पायाच्या बोटांत चिखल्या होतात. आईच्या झालेल्या पाहून वहिनींनी औषध तयार केले: करंजीचे तेल, हळद, कापूर, आणि तेल पातळ व्हावे म्हणून स्पिरिट. पण बांधावर उभ्या असलेल्या बाईचे हात चिखलाचे. ती मलमाची ट्यूब कशी उघडणार? आणि साधा पंपाचा फवारा उलटा धरला की हवा ओढतो, बोटांच्या खालच्या बाजूला पोचत नाही. म्हणून त्यांनी हा बिनगॅसचा डबा शोधून काढला. आत औषधाची पिशवी, पिशवीवर रबराची घट्ट बाही. भरताना बाही ताणली जाते. बटण दाबले की ती आकसते आणि औषध बाहेर फेकते. डबा उलटा धरा, आडवा धरा, चिखलाच्या कोपराने दाबा, तो चालतो. आसामातल्या भात लावणाऱ्या बायांच्या एका गटाने तो मागवला. माल विमानाने गेला तरच त्यांच्या लावणीत उपयोगाचा. आणि विमानाने पाठवायचा तर 'यात ज्वलनशील काही नाही' या कागदावर औषध बनवणाऱ्याची सही हवी. वहिनी म्हणाल्या, खात्री झाल्याशिवाय सही करणार नाही. आणि माझ्या औषधासोबत खोटा कागद जाणार असेल तर मी या घरात राहणार नाही.

टीनाने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "अशी वहिनी मला पण पाहिजे." मी तिला म्हटले, आमचीच आधी परत येऊ दे.

आसामची खोकी पडवीत आहेत. आई नागरा गावच्या देवळात जाऊन आली. काय मागितले ते सांगत नाही. दादाच्या उजव्या हाताला पट्टी आहे. चहाचे पातेले उतरवताना भाजले. काळजीचे कारण नाही.

तुमच्या फळीवरचा इंग्रजी शब्दकोश मी न विचारता घेतला आहे. कशासाठी, ते काम झाल्यावर लिहीन.

आपली,
रेणू


कुडवा, ११ जुलै

वहिनी,

चहाचे पातेले खरे नव्हते. मी पत्र लिहिते आहे हे दादाने पाहिले आणि म्हणाला, "हाताचं लिहायचंच असेल तर चहाचं लिही." मी लिहिले. खोट्या कागदावरून तुम्ही घर सोडलेत आणि मी पहिलाच कागद तुम्हाला खोटा पाठवला. आता घडले तसे लिहिते.

तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मला घेऊन इंद्रकुमारभाऊंच्या कुरिअरच्या दुकानात गेला. कंपनीचे इंग्रजी पत्रक वाचून दाखवायला कोणी हवे म्हणून मी. इंद्रकुमारभाऊंनी नुकतेच दुकान उघडले होते. गल्ल्याशेजारी लक्ष्मीच्या फोटोपुढे दिवा तेवत होता. त्यांनी एक डबा हातात घेऊन बटण दाबले.

"देखो हेमेंद्र, फुस्स हुआ ना? मतलब गैस है. हवाईजहाज में नहीं जाएगा."

"गैस नहीं है भाऊ, रबर है."

"रबर से कब से फुस्स होने लगा? सायकल का ट्यूब भर के लाया क्या?"

मागे उभे असलेले दोघे हसले. दादाला हसलेले चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी पत्रक उघडून पहिली ओळ वाचू लागले, पण आवाज माझ्याच कानापर्यंत नीट येईना. तेवढ्यात दादाने खिशातून चाकू काढला. "गॅस असंल तं फुटंल. नसंल तं काहीच नाही होणार. पहा." आणि त्याने गल्ल्यावरच डब्याच्या पोटात चाकू खुपसला.

काहीच फुटले नाही. आवाजही झाला नाही. औषधाची एक चिळकांडी दादाच्या बाहीवर उडाली आणि बाकीचे गल्ल्याच्या काचेवरून हळूहळू पसरत गेले. कापराचा वास दुकानभर झाला.

"कहाँ है गैस?" दादा म्हणाला.

"मान गए भाई," इंद्रकुमारभाऊ म्हणाले आणि शिक्का शोधू लागले.

मी औषधाकडे पाहत होते. ते उताराने दिव्याकडे चालले होते. मी "दादा" एवढेच म्हणाले. वहिनी, दिवसाच्या उजेडात स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही. आधी फोटोच्या हाराचे टोक काळे पडले, मग काचेवरून निळसर काहीतरी धावत परत दादाकडे आले. त्याने ते हाताने विझवायला पाहिले. पण बाहीच औषधाने भिजलेली होती. इंद्रकुमारभाऊंनी पाण्यात बुडवलेले पोते त्याच्या हातावर टाकले म्हणून ते तेवढ्यावर निभावले. हाताला फोड आले होते, आता सुकत आहेत. डॉक्टर म्हणाले, बोटे पूर्ण चालतील.

सगळे शांत झाल्यावर इंद्रकुमारभाऊ ओल्या गल्ल्याकडे पाहत म्हणाले, "गैस तो सचमुच नहीं थी."

फाटकाशी आल्यावर दादा म्हणाला, "आईला चहाचं सांगायचं."

मला राहून राहून एकाच गोष्टीचे नवल वाटते. आम्हाला जे कळायला दुकान पेटावे लागले, ते तुम्ही पडवीत उभ्या राहून, काही न पेटवता, एका वाक्यात सांगितले होते. त्या दिवशी घरात, दुकानात, पत्रकात सगळे जण गॅसचाच शोध घेत होते. औषधाकडे फक्त तुमचे लक्ष होते.

माल गेलेला नाही. इंद्रकुमारभाऊ म्हणतात, अब तो मैं इसको सायकल पर भी नहीं भेजूँगा.

रेणू


कुडवा, १६ जुलै

वहिनी,

शब्दकोश कशासाठी घेतला ते आता सांगते. विमानाने धोकादायक माल पाठवण्याचे नियम मी वाचनालयातल्या संगणकावरून उतरवून घेतले आणि मराठीत आणले. अनेक शब्द मला नवे होते. एकेका वाक्यात नियम, अपवाद आणि अपवादाचा अपवाद. तरी सवय झाल्यावर त्यांत एक सौंदर्य दिसू लागले. ज्याने ते लिहिले त्याने हजारो फुटांवर, विमानाच्या बंद पोटात, एकमेकांना न ओळखणारी खोकी शेजारी शेजारी बसलेली डोळ्यांसमोर आणली असणार. तुमच्यासारखाच कोणी असेल, असे मला वाटते.

मला जे समजले ते असे. चूक असेल तर तुम्ही दुरुस्त करा.

नियम दोन वेगळे प्रश्न विचारतो. पहिला डब्याचा: आत दाबाखाली वायू आहे का? असेल तर तो 'एरोसोल', आणि आत निव्वळ पाणी असले तरी त्याला नियम लागतात. 'बिनगॅसचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डब्यांतही पिशवीभोवती दाबलेली हवा भरलेली असते. हवा हासुद्धा वायूच, म्हणून ते याच प्रश्नात अडकतात. आपला तसा नाही ना, ही शंका मला दोन दिवस छळत होती. शेवटी मी रिकामा डबा अंगणात कापून पाहिला. आईने त्याआधी तुळशीपुढचा दिवा उचलून आत नेला. तोवर तिला खरे कळले होते, कारण दुकानातली गोष्ट बाबांच्या कानावर आली आणि त्यांनी तिला सांगितली. आत खरोखर फक्त रबर होते. म्हणजे डब्याच्या बाबतीत दादा बरोबर, कंपनीही बरोबर.

पण पहिल्या प्रश्नातून सुटलेला डबा दुसऱ्यातून आपोआप सुटत नाही. दुसरा प्रश्न आतल्या द्रवाचा: ठिणगी लागली तर त्याची वाफ किती उष्णतेला पेट घेते? साठ अंश किंवा त्याखाली घेत असेल तर तो ज्वलनशील द्रव. मग तो फवाऱ्याच्या डब्यात भरा की तांब्यात. आपल्या औषधातल्या स्पिरिटची वाफ तर साध्या खोलीच्या उष्णतेलाही पेट घेते. म्हणजे तुम्ही बरोबर. तुम्ही दोघे दोन वेगळ्या प्रश्नांची खरी उत्तरे देत होता आणि घराला वाटले की एकाच प्रश्नावर भांडत आहात.

हे पक्के करण्यासाठी मी नागपूरला विमानाच्या मालाच्या कार्यालयात फोन केला. हो, मी. काय बोलायचे ते आधी लिहून घेतले होते. पलीकडे एक बाई होत्या. मी डब्याचे वर्णन वाचायला सुरुवात केली: पिशवी, बाही, झडप. त्यांनी मला मध्येच थांबवले. "ताई, डबा नंतर सांगा. आत काय आहे?"

वहिनी, त्या अनोळखी बाईंचा पहिला प्रश्न तुमचाच होता. मग मी कागद बाजूला ठेवला आणि सगळे सांगितले, आणि माझे एकही वाक्य अर्धे राहिले नाही.

त्या म्हणाल्या, स्पिरिट असेल तर ज्वलनशील मालाच्या नियमाने, प्रशिक्षित माणसाकडून बांधून, खुणा लावूनच जाईल. साध्या मालात नाही. तसा बांधणारा आपल्याकडे नाही, आणि तो शोधेपर्यंत आसामची लावणी संपेल. त्या गटातल्या प्रमुख बाईंचा निरोप आला आहे की काम सुरू झाले, बायांची बोटे फुटू लागली आहेत.

म्हणून तुम्हाला विचारते. हे औषध स्पिरिटशिवाय होईल का? मी पुस्तकात शोधू शकते, पण हात तुमचा आहे. मला उत्तर द्यायचे नसेल तर आसामच्या बायांना म्हणून द्या.

रेणू


कुडवा, २५ जुलै

वहिनी,

तुमचे पोस्टकार्ड मिळाले. मायना नाही, खुशाली नाही, खाली नावसुद्धा नाही. "स्पिरिट काढ. कापूर तेलातही विरघळतो. तेलाचे भांडे गरम पाण्याच्या परातीत ठेव, विस्तवावर नको. विस्तव खोलीबाहेर. कापूर आहे त्याच्या निम्मा घे. फवाऱ्याऐवजी धार येईल, येऊ दे. पायाला धुके लागत नाही, औषध लागते." मी ते इतक्या वेळा वाचले की आई म्हणाली, "मंतर आहे काय व तो?" मग तिनेही वाचून घेतले. शेवटच्या ओळीला ती हसली. तुम्ही गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

तेल आईने आणि मी मिळून केले. चूल अंगणाच्या पार टोकाला, परात खोलीत. पाणी निवले की मी धावत जाऊन नवे आणायचे. बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. बिडी पेटवायला निघाले की आई नुसती पाहायची आणि ते बिडी परत कानावर ठेवायचे. तेल घट्ट होते. तुमच्या यंत्राने भरताना दोन पिशव्या फाटल्या, तिसरी राहिली. बटण दाबले तर खरोखर धार आली, बारीक, पिवळी, नेमकी. आईने पाय पुढे केला. उलटा धरून बोटांच्या खाली मारली तेव्हा म्हणाली, "आधीच्यापेक्षा हेच बरं. आधीचं नाकात जाय."

दादाने नमुना स्वतः नागपूरच्या प्रयोगशाळेत नेला. अहवाल आला आहे: साठ अंशांच्या पुष्कळ वरपर्यंत ते पेट घेत नाही. दोन्ही प्रश्नांचे उत्तर आता 'नाही' असे आहे.

परवा आम्ही दोघे अहवाल घेऊन इंद्रकुमारभाऊंकडे गेलो. दिवा त्यांनी आता वर, भिंतीतल्या कोनाड्यात नेला आहे. त्यांनी अहवाल वाचला, आमच्याबरोबरची नवी खोकी पाहिली आणि हिशेब करत म्हणाले, "ये तो आधा माल हुआ. पुराना कहाँ है?"

"पुराने में स्पिरिट है," दादा म्हणाला.

"अरे भाई, डब्बा वही, नाम वही, लेबल वही. रिपोर्ट भी आ गया. साथ में पुराना भी निकाल दो. किसको पता चलेगा?"

दादा माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या हातावरची नवी गुलाबी कातडी गल्ल्याच्या काचेत दिसत होती. नेहमीसारखा माझा आवाज कुठेतरी खाली गेला होता. पण त्या क्षणी मला तुमचा चेहरा आठवला नाही, नियमही आठवला नाही. मला ती बंद पोटात शेजारी शेजारी बसलेली खोकी आठवली.

मी म्हणाले, "मला पता आहे."

हिंदी की मराठी, तेही धड जमले नाही. मागे कोणीतरी हसले. इंद्रकुमारभाऊ हसले नाहीत. त्यांनी काचेवरच्या त्या करपलेल्या डागावर बोट ठेवले, डाग अजून गेलेला नाही, आणि म्हणाले, "ठीक है दीदी. जितना सच है, उतना ही जाएगा."

तेव्हा आसामला निम्माच माल जाईल. उरलेला आम्ही नवे तेल भरत जाऊ तसा त्या बायांना पाठवू. मी त्यांना सगळे लिहून कळवले आहे. जुने डबे आईने ताब्यात घेतले. दादाने त्यांवर लाल रंगाने ज्योतीची खूण काढली, आणि आता आई ते रोवणीवरच्या बायांना बांधावर वाटते. काल मी जेवणाचा डबा द्यायला गेले तेव्हा ती ओरडून सांगत होती, "घरी नेऊन चुलीपाशी नका ठेवू व बाया. भूमिका म्हणते, डब्बा थंडा हाये पण औषध गरम हाये." तुम्ही असे कधी म्हणाला नाहीत, हे मला माहीत आहे. पण तुमच्या नावाने सांगितले की बाया ऐकतात, हे तिला माहीत आहे.

आता एकच गोष्ट राहिली. कागदावर बनवणाऱ्याची सही. इंद्रकुमारभाऊ म्हणाले, घरातल्या कोणीही केली तरी चालेल. दादा मला म्हणाला, "तू कर. तूच तं केलं सगळं." मी म्हटले, मी परातीत पाणी ओतले. औषध वहिनींचे आहे. त्याने यावर वाद घातला नाही, आणि दादा वाद घालत नाही तेव्हा काय होते ते मला कधी माहीत नव्हते. तो उठला आणि मोटरसायकल धुऊ लागला.

संध्याकाळी चाक पुसता पुसता त्याने मला विचारले, "तिला काय सांगू?"

"सांगू नकोस. विचार."

"काय विचारू?"

"डब्यात काय आहे ते."

तो हसेल असे मला वाटले होते. "मला माहीत आहे ना काय आहे. करंजीचं तेल, हळद, कापूर."

"तरी विचार. त्या दिवशी कोणीच विचारले नव्हते."

त्याने फडके पिळले, झटकले आणि गाडीवर वाळत टाकले. मग बराच वेळ तो तिथेच उभा राहून ओठ हलवत होता. मी खिडकीतून पाहत होते. वहिनी, मी फोन करायच्या आधी कागदावर लिहून पाठ करते ना, अगदी तसेच तो करत होता. आम्ही भाऊबहीण इतके सारखे असू, हे मला आजवर ठाऊक नव्हते.

हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. तो उद्या सकाळी निघेल. कागद सोबत आहे, पण तो आधी काढायचा नाही असे मी त्याला बजावले आहे. तुम्ही सही कराल की नाही, परत याल की नाही, हे मी लिहून मागत नाही. तुम्हाला काही लिहून मागितले की काय होते ते या घराने पाहिले आहे. माझी एवढीच विनंती आहे. तो दारात उभा राहून विचारायला लागेल तेव्हा मध्येच अडखळेल. त्याचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. त्याला करू द्या.

तुमची,
रेणू